शहरात ताशी ३० ची वेगमर्यादा: वाहनचालकाची तक्रार कुठे खरी आहे आणि कुठे नाही?

शहरांमधली वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटरवरून ३० वर आणली जातेय, त्यात गाडी चालवणाऱ्याचं नेमकं काय जातं आणि विरोध करायचा झाला तर कशाच्या आधारे करावा, असं तुम्ही विचारलंय. माझं मत आधीच सांगतो. ३० या आकड्याशी भांडू नका, तिथे हार ठरलेली आहे. भांडायचं ते ३० कोणत्या रस्त्यावर लावलंय, आणि लावताना रस्ता, सिग्नल, पाट्या त्या आकड्याला जुळवून घेतल्या का, यावर. तिथे चालकाची बाजू खरोखर भक्कम आहे आणि बहुतेक वेळा ती मांडलीच जात नाही.

आकडा का टिकतो ते बघा. ३० च्या वेगात गाडी सेकंदाला ८.३ मीटर जाते, ५० ला १३.९. समोर मूल आलेलं दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. कोरडा रस्ता आणि चांगले टायर असतील तर करकचून ब्रेक दाबल्यावर ३० ची गाडी पुढच्या ५ मीटरमध्ये थांबते, म्हणजे एकूण साधारण १३ मीटरमध्ये. त्याच जागी ५० च्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलाच नसतो. ती तिथून पूर्ण ५० च्या वेगाने जाते आणि २८ मीटरच्या आसपास थांबते. जर्मनीतल्या अपघातांच्या नोंदींवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५० च्या धडकेत पादचारी दगावण्याचा धोका ३० च्या तुलनेत पाचपटीहून जास्त आणि ४० च्या तुलनेत दुपटीहून जास्त निघाला. जुन्या पोस्टरांवर ५० च्या धडकेची याहून भयंकर टक्केवारी असते. तेव्हाच्या आकडेवारीत किरकोळ जखमींच्या नोंदी कमी असल्यामुळे ती फुगलेली होती. कुणी ती टक्केवारी पुढे केली तर दुरुस्ती जरूर करा, पण पाचपटीचं गुणोत्तर त्याने पुसलं जात नाही.

आता वेळेचा हिशेब. एक किलोमीटर ५० ने ७२ सेकंदांत संपतो, ३० ने १२० सेकंदांत. फरक ४८ सेकंद. हा फरक पूर्णपणे सोसावा लागतो तो फक्त मोकळ्या, न थांबता जाता येणाऱ्या रस्त्यावर. दोन चौकांमधलं अंतर ३०० मीटर असेल आणि दोन्हीकडे थांबावं लागत असेल, तर वेग पकडण्यात आणि सोडण्यात बरंच अंतर जातं. वेग वाढवण्या-घटवण्याचा सर्वसाधारण दर धरून हिशेब केला तर ५० ने जाणाऱ्याला सुमारे ३० सेकंद लागतात आणि ३० ने जाणाऱ्याला ४१. वाचलेले ११ सेकंद पुढच्या लाल सिग्नलवर उभं राहण्यात जात असतील तर हाती काहीच उरत नाही. म्हणून आपल्या रोजच्या वाटेचं नुकसान काढायचं असेल तर एकूण अंतर घेऊ नका. गाडी प्रत्यक्षात ४५-५० ने धावते तेवढेच तुकडे मोजा आणि त्यांना ४८ सेकंदांनी गुणा. आठ किलोमीटरच्या वाटेत असे तुकडे मिळून तीन किलोमीटर भरले, तर जास्तीत जास्त दोन मिनिटं चोवीस सेकंद. घरून कामावर जाणाऱ्याला हे सोसण्यासारखं आहे. दिवसभर गाडीवरच पोट असलेल्या टॅक्सीवाल्याचं, सामान पोचवणाऱ्याचं तसं नाही, त्याच्या दिवसात अशी मिनिटं साचत जातात. त्याला ‘दोन मिनिटांनी काय होतं’ असं सुनावणं अन्यायाचं आहे.

इंधनाबाबत दोन्ही बाजू अर्धं खरं बोलतात. स्थिर वेगाने चालणारी पेट्रोलची गाडी ३० ला तिसऱ्या गिअरमध्ये दर किलोमीटरला थोडं जास्त पेट्रोल खाते, ५० ला चौथ्या-पाचव्यात कमी. पण गाडी स्थिर वेगाने चालते कुठे? बाराशे किलोची गाडी शून्यावरून ५० वर नेण्यासाठी ११६ किलोज्यूल ऊर्जा लागते, ३० वर नेण्यासाठी ४२. ब्रेक लावला की ती सगळी उष्णता होऊन जाते. इंजिनाची कार्यक्षमता चौथा हिस्सा धरली तर प्रत्येक थांब्यामागे ५० वाल्याचं सुमारे १४ मिलिलिटर पेट्रोल जातं, ३० वाल्याचं ५. दर दोन-तीनशे मीटरला थांबावं लागतं तिथे ३० स्वस्त पडतं, लांब मोकळ्या रस्त्यावर ५०. विजेच्या गाडीला हा प्रश्न फारसा नाही.

आता चालकाच्या खऱ्या तक्रारींकडे येऊ. पहिली आणि सगळ्यात मोठी: नुसती पाटी लावून वेग कमी होत नाही. रुंद, सरळ, कडेला भिंती किंवा मोकळी जागा असलेला रस्ता गाडी ५० ने चालवायला सांगतो आणि पाटी ३० म्हणते. चालक रस्त्याचं ऐकतो. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या मध्यवर्ती भागातल्या ७६ रस्त्यांवर २०१६ साली ताशी २० मैलांची, म्हणजे ३२ किलोमीटरची मर्यादा केवळ पाट्यांवर लागू झाली. तीन वर्षांनंतर सरासरी वेगात घट ताशी एक मैलाहूनही कमी होती आणि अपघातांत ठळक फरक दिसला नाही. ब्रिटिश सरकारच्या २०१३ च्या मार्गदर्शक परिपत्रकातही हेच सूत्र आहे: सरासरी वेग आधीच ताशी २४ मैलांच्या, म्हणजे सुमारे ३९ किलोमीटरच्या आत असेल तरच नुसत्या पाट्यांची २० मैलांची मर्यादा योग्य. त्याहून जास्त असेल तर आधी रस्ता बदला. न बदलता मर्यादा लावली, की त्याच रस्त्यावर कॅमेरा बसतो आणि दंड वसूल होत राहतो. वेग कमी करण्याचं काम रस्त्याने करायला हवं होतं, ते दंडावर ढकललं जातं. याविरुद्ध बोलणं हे वेगाचं समर्थन नव्हे.

दुसरी तक्रार सरसकटपणाची. यावर सगळ्यात समजूतदार उत्तर मला स्पेनचं वाटतं. ११ मे २०२१ पासून तिथे नियम रस्त्याच्या रचनेला बांधलाय: फुटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर असेल तर २०, प्रत्येक दिशेला एकच लेन असेल तर ३०, दोन किंवा जास्त असतील तर ५०. पाटी दिसली नाही तरी मर्यादा कळते. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहराने १९९२ मध्येच गल्ल्यांना ३० आणि मुख्य मार्गांना ५० अशी वाटणी केली. पॅरिसने ३० ऑगस्ट २०२१ ला जवळजवळ सगळं शहर ३० वर आणलं, पण बाहेरचा वळसा रस्ता आणि शहराच्या कडेने जाणारे मारेशो बुलवार्ड हे रुंद रस्ते वगळले.

वेल्सने उलटा मार्ग घेतला. १७ सप्टेंबर २०२३ पासून पथदिवे एकमेकांपासून २०० यार्डांपेक्षा दूर नसलेल्या रस्त्यांची मूळ मर्यादा ३० मैलांवरून २० मैलांवर आली, आणि कुठे ३० ठेवायची ते स्थानिक यंत्रणेने अपवाद म्हणून ठरवायचं होतं. काही ठिकाणी अपवाद मोकळेपणाने दिले गेले, काही ठिकाणी जवळजवळ नाहीत. गावाबाहेरच्या घरं नसलेल्या पट्ट्यांवरही २० आलं आणि लोक भडकले. सुमारे ३१ लाखांच्या देशात विरोधाच्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या झाल्या, आणि २०२४ मध्ये सरकारला अपवादांचं मार्गदर्शन नव्याने लिहावं लागलं. विरोधक तिथे सरकारच्याच मांडणीतला ३० वर्षांत ४५० कोटी पौंड नुकसानीचा आकडा वापरायचे. तो आकडा म्हणजे प्रत्येक प्रवासामागचा सुमारे एक मिनिटाचा उशीर पैशात मोजून केलेली बेरीज. मला हा मुद्दा कच्चा वाटतो, कारण समोरचा लगेच ‘एक मिनिट विरुद्ध एक जीव’ म्हणतो आणि चर्चा संपते. घरं नसलेल्या पट्ट्यांचा मुद्दा मात्र पक्का होता, आणि शेवटी सरकार हललं ते अपवादांवरच.

तिसरी बाब सिग्नलची, आणि ती सर्रास विसरली जाते. ओळीने येणारे सिग्नल एका ठरावीक वेगासाठी जुळवलेले असतात. ४०० मीटरवरचा पुढचा सिग्नल ५० च्या हिशेबाने २९ सेकंदांनी हिरवा होतो. ३० ने येणाऱ्याला ते अंतर कापायला ४८ सेकंद लागतात. वेळापत्रक न बदलता मर्यादा उतरवली तर नियम पाळणारा प्रत्येक चौकात लाल दिव्यावर अडकतो आणि तोडणारा सुटतो. लोक ‘३० मुळे कोंडी झाली’ म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा दोष इथे असतो. सिग्नलवरून तासाला सुटणाऱ्या गाड्यांची संख्या ३० मुळे फारशी घटत नाही, कारण थांबलेली रांग सुटते तेव्हा गाड्या तसाही ३० च्या आसपासच चौक ओलांडतात.

बसचाही विचार करा, कारण बस रेंगाळली की तिचे प्रवासी गाड्या काढतात. दर दहा मिनिटांनी बस आणि जाऊन-येऊन फेरी ६० मिनिटांची असेल तर सहा बस लागतात. फेरी ६४ मिनिटांची झाली की सात. चार मिनिटांसाठी एक अख्खी गाडी आणि तिचे चालक वाढतात. अ‍ॅम्स्टरडॅमने ८ डिसेंबर २०२३ ला बहुतेक रस्ते ३० वर आणताना बस-ट्रामच्या वेगळ्या मार्गांवर ५० कायम ठेवलं, ते याचसाठी.

गतिरोधकांबद्दल: तीव्र कडांचा, उंच गतिरोधक दर दीडशे-दोनशे मीटरला टाकला की चालक मधल्या टप्प्यात ४५-५० गाठतो आणि पुन्हा ब्रेक दाबतो. आवाज, पेट्रोल, सस्पेन्शन, सगळ्याचंच नुकसान. अंतर ६० ते १०० मीटरच्या आत, उंची साडेसात सेंटीमीटरच्या आसपास आणि चढ-उतार लहरीसारखा हवा. बसच्या मार्गावर सुमारे १.६ ते १.७ मीटर रुंदीच्या उशीसारख्या चकत्या टाकतात. बसची चाकं त्यांच्या दोन्ही बाजूंनी जातात, मोटारीची जात नाहीत. याहून चांगलं म्हणजे लेन तीन मीटरच्या आत आणणं आणि वळणाची त्रिज्या कमी करणं.

‘३० वर सतत काट्याकडे बघावं लागतं’ ही तक्रार सुरुवातीचे काही आठवडे खरी असते. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन गचके खात असेल तर दुसऱ्यात चालवा, पाय उचलला की इंजिनच गाडीचा वेग आवरतं. वेगमर्यादक (ठरवलेल्या वेगापुढे गाडी जाऊ न देणारी सोय) असेल तर लावा. अनेक गाड्यांचा क्रूझ कंट्रोल इतक्या खाली चालत नाही, पण मर्यादक बहुधा ३० पासून चालतो. काट्याचीही एक खोड आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार तो खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू शकत नाही, जास्त मात्र दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत दाखवू शकतो. खरे ३० असताना काट्याने ३७ पर्यंत दाखवलं तरी ते नियमात बसतं. सपाट सरळ रस्त्यावर फोनवरच्या जीपीएसशी पडताळून घ्या (आकडे सोबत्याला वाचायला सांगा). टायर झिजले की फरक आणखी वाढतो.

विरोध नोंदवायचा असेल तर मोजमाप करून जा. रस्त्याकडेला ५० मीटरच्या दोन खुणा ठरवा. ते अंतर ६ सेकंदांत कापणारी गाडी ३० ने जाते, ३.६ सेकंदांत कापणारी ५० ने. गर्दी नसलेल्या वेळी, कोरड्या हवेत, किमान शंभर गाड्या मोजा, आणि गाड्या ओळीत असतील तर फक्त पहिली धरा, कारण मागच्यांचा वेग तिनेच ठरवलेला असतो. चालकांना दिसेल अशा जागी उभे राहिलात तर आकडे खोटे येतील. मग दोन गोष्टी काढा: सरासरी, आणि ८५ टक्के गाड्या ज्या वेगाच्या आत आहेत तो वेग. सरासरी ३५-३६ असेल तर तुमचा विरोध टिकणार नाही, तो रस्ता मुळातच ३० चा आहे. सरासरी ४५ च्या वर, कडेला दारं उघडणारी घरं, शाळा, दुकानं नाहीत आणि पादचारी ठरावीक ठिकाणीच ओलांडतात, असं असेल तर ५० कायम ठेवून ओलांडण्याच्या जागा उंचवट्याच्या आणि सिग्नलच्या करा, अशी मागणी करा. ती मान्य होण्यासारखी असते. घरं, शाळा आहेत आणि तरी सरासरी ४५ असेल, तर रस्ता अरुंद करण्याची मागणी करा आणि ते होईपर्यंत कॅमेऱ्याऐवजी वेग दाखवणारा फलक मागा.

अर्जात सिग्नलचं नवं वेळापत्रक, मर्यादा सुरू होते तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्या आणि एक वर्षानंतर त्याच जागी त्याच पद्धतीने पुन्हा मोजणी, हे तिन्ही लेखी मागा. पाट्यांचा आग्रह आणखी एका कारणासाठी: युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत मर्यादा वाचून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती कॅमेऱ्याने पाटी वाचते आणि नकाशाशी जुळवते. झाडाआड गेलेली किंवा सर्व्हिस रोडसाठी लावलेली पाटी तिने चुकीची धरली की मुख्य रस्त्यावरची गाडी विनाकारण ओरडत राहते. अशा जागा फोटोसह कळवल्या तर पाटी हलवणं हे यंत्रणेसाठी सगळ्यात स्वस्त काम असतं, म्हणून सुरुवात तिथूनच करा.