शिट्टी वाजली नाही तेव्हा

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांखालील शालेय संघातून हॉकी खेळते. परवाच्या सामन्यात समोरच्या बचावपटूच्या पायाला डीमध्ये (गोलपुढच्या अर्धवर्तुळात) चेंडू लागला. आम्ही सगळ्या पालकांनी पाहिला. अंपायर, कॉलेजातला कोवळा पोरगा, ढिम्म. आम्ही एका गोलने हरलो. मी मैदानाच्या कुंपणाच्या जाळीपाशी जाऊन ‘आंधळा आहेस का, किती पैसे खाल्लेस’ असं ओरडलो. तेव्हापासून मुलगी माझ्याशी बोलत नाही. माझं एवढं काय चुकलं?
– एक पालक, पिंपरी

उत्तर : ओरडलात ते चुकलंच, आणि ‘पैसे खाल्लेस’ हे तर फारच. पण पेनल्टी कॉर्नर (डीमधल्या फाउलबद्दल समोरच्या संघाला मिळणारी गोलची संधी) द्यायला हवा होता का, हा निराळा प्रश्न आहे आणि पंचवीस वर्षं शिट्टी फुंकलेल्या माझ्यासारख्याला तोच जास्त आवडतो.

पायाला चेंडू लागला की फाउल, असं गल्लीत चालतं. नियम तसा नाही. बचावपटूनं मुद्दाम पाय घातला किंवा चेंडू अडल्यानं त्याचा फायदा झाला, तरच फाउल. चेंडू पायाला घासून तुमच्याच मुलींच्या स्टिकवर गेला असेल, तर अंपायर क्षणभर थांबतो : बघू, गोल होतोय का. बाहेरून ते ‘ढिम्म’च दिसतं. शिवाय त्याच्या आणि त्या पायाच्या मध्ये चार पोरी उभ्या असल्या, तर त्याला दिसणार तरी काय? आंतरराष्ट्रीय सामन्यात व्हिडिओ मागता येतो. शाळेच्या मैदानावर दोन अंपायर, दोन शिट्ट्या, संपलं.

तो चुकलाही असेल. मीही चुकलो आहे. खडकीतल्या एका सामन्यात मी गोल दिला. बचाव करणाऱ्या संघाचा कर्णधार धावत आला, ‘साहेब, जाळी बघा.’ मी जाळी बघितली नाही, त्याला हिरवं कार्ड दाखवलं. (तेव्हा ती नुसती ताकीद असायची, आताची दोन मिनिटं बाहेर नव्हती.) मध्यंतरात बघितलं तर बाजूची जाळी वीतभर फाटलेली, चेंडू तिथून आत गेला होता. गोल तसाच राहिला. पुढे निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक सामन्याआधी दोन्ही जाळ्या हातानं चाचपून बघत असे. त्या कर्णधारानं मात्र उरलेल्या सामन्यात माझ्याकडे एकदाही डोळे वटारले नाहीत. त्याची मला अजून लाज वाटते.

बरं, अंपायरांचं तरी आपसात कुठं जमतं? ४ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक, भारताची ब्रिटनविरुद्धची उपांत्यपूर्व लढत. सतराव्या मिनिटाला आपल्या अमित रोहिदासची स्टिक ब्रिटनच्या खेळाडूच्या डोक्याला लागली आणि व्हिडिओ बघून रोहिदासला लाल कार्ड मिळालं, म्हणजे उरलेल्या सामन्यातून बाहेर. माझ्या मते पिवळं, म्हणजे काही मिनिटं बाहेर, पुरेसं होतं. धावताना स्टिक वर गेली, मारायचा इरादा दिसला नाही. माझा जुना जोडीदार, आम्ही दोघांनी शेकडो सामने एकत्र केले, तो म्हणतो लालच : डोकं म्हणजे डोकं. दर रविवारी चहावर आमचं हे भांडण ताजं होतं. भारत दहा जणांनिशी लढला, १-१ अशा बरोबरीनंतर शूटआउट ४-२ जिंकला आणि जिंकूनही हॉकी इंडिया या आपल्या हॉकी महासंघानं पंचगिरीबद्दल तक्रार केली. ती लेखी, योग्य ठिकाणी. लाल कार्डामुळे रोहिदासवर आलेली बंदी मात्र उठली नाही, जर्मनीविरुद्धची उपांत्य लढत तो खेळू शकला नाही.

तुमच्या हातातही एवढंच आहे. निर्णयाबद्दल विचारायचं ते कर्णधारानं, शांतपणे. त्यापुढे संघाचा व्यवस्थापक आहे. कुंपणाबाहेरच्या माणसाला नियमात कुठेच जागा नाही.

मुलगी का बोलत नाही, ते तिलाच विचारा. माझा अंदाज सांगतो. जिल्ह्यात अंपायर मोजकेच असतात. पुढच्या सामन्यात तोच पोरगा शिट्टी घेऊन उभा असेल आणि तुमची मुलगी कोणाची, हे आता त्याला ठाऊक आहे.