वडिलांच्या पश्चात बंदूक कोणाची?

प्रश्न : वडील गेल्या महिन्यात वारले. शेतीसंरक्षण परवान्यावरची त्यांची एकनळी काडतुसाची बंदूक मृत्युपत्रात माझ्या नावे आहे. परवान्याची मुदत अजून दोन वर्षे आहे. तोवर ती घरी ठेवली तर चालेल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. मुदत कितीही उरलेली असो, परवाना वडिलांचा होता. मृत्युपत्राने मालकी मिळते, बाळगण्याचा अधिकार मिळत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ नुसार असे शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षे कैद आहे.

पण ती स्वतः उचलून ठाण्यावर नेऊ नका. मृत्यूची लेखी खबर द्या आणि बंदूक ताब्यात घ्यायला पोलिसांनाच बोलवा. कपाटातली उरलीसुरली काडतुसेही द्या. त्यांनाही परवाना लागतो. पावतीवर बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप), बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. क्रमांक परवान्याशी जागेवरच ताडून पाहा. जुन्या बंदुकांवरचे आकडे झिजतात, परवान्यात एखादा आकडा चुकीचा उतरलेला असतो आणि पुढे फाईल तिथेच अडते.

मग शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ खाली वारस म्हणून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. मृत्यूदाखला, मूळ परवाना, जमा पावती, वारस असल्याचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि शेतीसंरक्षणासाठी सातबारा जोडा. इतर वारसांची संमतीची प्रतिज्ञापत्रेही हवीत. लग्न झालेल्या बहिणींना वगळू नका, त्याही वारस आहेत. पुढे एकीने हरकत घेतली की सगळे प्रकरण थांबते. तुमचे वय २१ पूर्ण हवे आणि पोलीस अहवाल स्वच्छ हवा.

कोकणच्या पावसाळ्यात नळी गंजायला वेळ लागत नाही. विक्रेत्याकडे ठेवणार असाल तर भाडे आणि तेलपाणी दोन्ही आधी ठरवा.

प्रश्न : माझ्याकडे परवान्यावर एक पिस्तूल आहे. आजोबांच्या दोन्ही बंदुका मला मिळतील का? – एक वाचक, पुणे

उत्तर : एकच मिळेल. २०१९ पासून एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि वारसाहक्काची शस्त्रेही त्यातच धरतात. दुसरी बंदूक पात्र भावंडाच्या नावे मागा, नाहीतर विका. खासगी परवानाधारकाला विकायची तर दोघांच्या परवान्यांच्या प्रतींसह आधी लेखी सूचना द्यावी लागते आणि ४५ दिवस थांबावे लागते. आजोबा हयात असतील तर आत्ताच हालचाल करा. वयाची ७० वर्षे किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा परवानाधारकाला स्वतःच वारस सुचवता येतो. माणूस गेल्यावर कागद गोळा करण्यापेक्षा हे कितीतरी सोपे.

प्रश्न : माळ्यावर गंजलेली ठासणीची बंदूक सापडली. तिला परवाना लागतो का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : दुरुस्ती करूनही चालणार नाही अशी किंवा पुराणवस्तू म्हणून मूल्य असलेली बंदूक कलम ४५ मुळे सुटू शकते, मात्र नुसत्या गंजाने ती निकामी ठरत नाही. तो निर्णय घरात करू नका, ठाण्याला लेखी कळवा. नळीत जुनी दारू ठासलेली असू शकते. साफसफाई करू नका, चापाला हात लावू नका.