स्टोरेजसाठी फायबर प्लॅनिंग: केबल ओढायचं काम आहे का?

प्रश्न: मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉम डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये स्टोरेज नेटवर्कच्या फायबर प्लॅनिंगचं काम मिळतंय. घरचे म्हणतात, हे केबल ओढायचं काम. घेऊ का?

उत्तर: घे. केबल ओढणारी माणसं वेगळी, आणि कुठली केबल किती लांब चालेल हे आधी कागदावर ठरवणारा वेगळा. तुझं काम कागदावर ठरवायचं आहे ना, एवढं नेमणूकपत्रात बघून घे.

एका इमारतीतलं गणित सोपं. फायबर चॅनल, म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारं नेटवर्क, 16 गिगाबिटला ओएम3 केबलवर 100 मीटर चालतं, ओएम4 वर 125 मीटर (ओएम3, ओएम4 या फायबरच्या प्रती). 32 गिगाबिटला अनुक्रमे 70 आणि 100. म्हणजे 8 गिगाबिटवर बिनतक्रार चाललेली 120 मीटरची ओएम3 अपग्रेडनंतर दगा देणार. शिवाय हे आकडे सगळ्या जोडण्यांचं मिळून 1.5 डेसिबल नुकसान धरून असतात. मध्ये पॅच पॅनल (केबल जोडायची पट्टी) वाढवलं की मीटर घटतात. रॅकमधले चढउतार आणि पॅच कॉर्ड (जोडणीच्या आखूड केबल) मोजायचे राहतात, ते वेगळंच.

खरं डोकं लागतं ते क्लस्टरचे (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हर-स्टोरेजच्या संचाचे) दोन भाग दोन ठिकाणी असताना. नकाशावरचे 28 किलोमीटर जमिनीखालून 40 होऊ शकतात, म्हणून लाइन देणाऱ्याकडून ओटीडीआरचा (फायबरची खरी लांबी आणि दोष मोजणाऱ्या उपकरणाचा) रिपोर्ट मागायचाच. प्रकाशाला काचेतून जाऊन-येऊन किलोमीटरला साधारण 10 मायक्रोसेकंद लागतात. 40 किलोमीटरला 0.4 मिलिसेकंद. सिंक्रोनस कॉपीत, म्हणजे दोन्हीकडे लिहून झाल्यावरच काम पूर्ण धरलं जातं तिथे, प्रत्येक राइट (डेटा लिहिणं) निदान एवढा थांबतो.

त्यात बफर क्रेडिट, म्हणजे समोरून पोच येण्याआधी किती फ्रेम (डेटाची पाकिटं) पाठवता येतील तो आकडा. पूर्ण आकाराच्या फ्रेमसाठी किलोमीटर गुणिले गिगाबिट भागिले दोन: 40 × 16 ÷ 2 = 320. फ्रेम सरासरी निम्म्या आकाराच्या असतील तर 640. क्रेडिट कमी पडले तरी लिंकचा दिवा हिरवाच राहतो, फक्त वेग कोसळतो, आणि सगळे स्टोरेजला दोष देत बसतात. स्विचवर क्रेडिट शून्य झाल्याचा काउंटर असतो. आधी तो बघायचा.

लांब पल्ल्याचं एसएफपी (स्विचमध्ये बसणारं, प्रकाश पाठवणारं-घेणारं मॉड्यूल) आखूड केबलवर लावलं तर उलट रिसीव्हर प्रकाशाने भरून जातो, तिथे प्रकाश कमी करणारा अटेन्युएटर लागतो.

रुजू होण्याआधी पॉवर मीटर आणि ओटीडीआर हाताळायला शीक. फायबर ऑप्टिक असोसिएशनचं सीएफओटी प्रमाणपत्र सुरुवातीला पुरेसं आहे. महागडे स्टोरेज कोर्स वर्षभराने कर. मुलाखतीत एक विचार: दोन्ही फॅब्रिकच्या (एक बंद पडलं तर दुसरं चालावं म्हणून ठेवलेल्या दोन स्वतंत्र स्टोरेज नेटवर्कच्या) लाइन वेगळ्या डक्टमधून (केबलच्या नळीतून) जातात का? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर तिथे प्लॅनिंग नावापुरतंच असण्याची शक्यता आहे.