अमूर्त चित्रकाराची चित्रे आणि कापडे एकाच प्रदर्शनात मांडलेली असतील, तर ती कशी पाहावीत?

चित्रांना पुरेसा वेळ द्यावा आणि कापडे जाता जाता पाहावीत, असे केले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सुरुवात कापडांपासूनच करावी. २०१५ साली लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात अमूर्त चित्रकार सोनिया देलोने यांचे प्रदर्शन पाहिल्यापासून माझे हे मत पक्के झाले आहे.

देलोने यांनी १९११ मध्ये आपल्या तान्ह्या मुलासाठी कापडाचे तुकडे जोडून एक गोधडी शिवली. तत्कालीन रशियन साम्राज्यातील शेतकऱ्यांच्या घरी पाहिलेल्या पांघरुणांची आठवण त्यामागे होती. मळकट पांढरे, गडद तांबडे, हिरवे, गुलाबी आणि काळे असे ते तुकडे आहेत. जवळ जाऊन पाहिले की ध्यानात येते, गुलाबी तुकडा काळ्याला टेकला की उजळतो आणि पांढऱ्याशेजारी शांत होतो. त्यांच्या पुढच्या सगळ्या चित्रांचा विषय हाच आहे.

या विचाराचे मूळही कापडातच सापडते. भिंतीवर टांगायची चित्रे विणणाऱ्या पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाई विभाग सांभाळणारे रसायनतज्ज्ञ शेव्रल यांच्याकडे काळे सूत फिके दिसते अशी तक्रार आली होती. तपासाअंती दोष रंगात नसून शेजारच्या रंगांमुळे डोळ्याला तसे भासते, असे त्यांना आढळले आणि १८३९ मध्ये त्यांनी तो नियम ग्रंथरूपाने मांडला. सोनिया आणि त्यांचे चित्रकार पती रॉबेर देलोने यांनी चित्रकलेत त्याच नियमाचा ध्यास घेतला.

म्हणून पॅरिसच्या एका नृत्यगृहावरील ‘बाल ब्युलिए’ (१९१३) या जवळजवळ चार मीटर लांबीच्या चित्रासमोर उभे राहिल्यावर नाचणारी जोडपी शोधत बसू नये, ती हळूहळू आपोआप दिसू लागतात. आधी एका रंगाच्या पट्ट्यावरून शेजारच्या पट्ट्यावर नजर जाऊ द्यावी. हे चित्र गाद्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या जाड कापडावर रंगवलेले आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

१९१७ च्या क्रांतीनंतर रशियातून येणारे उत्पन्न थांबले, तेव्हा देलोने यांनी माद्रिदमध्ये दुकान काढले आणि पुढे पॅरिसमध्ये कापडांचा व्यवसाय उभा केला. पोटासाठी केलेले काम म्हणून ते दुय्यम ठरवणे मला अन्यायाचे वाटते, कारण रंगांची तीच पारख तिथे रोज वापरात होती.

कापडांच्या दालनात उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, कारण प्रखर प्रकाशाने रंग उडतात. आत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत थोडे थांबावे, नाहीतर सगळेच उदास दिसते. एकच नक्षी निरनिराळ्या रंगांत छापलेली आढळली तर ते नमुने एकमेकांशी ताडून पाहावेत आणि मग चित्रांच्या दालनात पुन्हा एक फेरी मारावी.