पुरावा संपला, आता म्हणे तपासणी करा!

प्रश्न: रावेर तालुक्यात माझी केळीची शेती आहे. चार वर्षांपूर्वी ट्रॉलीवरून पडून उजव्या दंडाचं हाड मोडलं. खासगी दवाखान्यात प्लेट टाकली. ऑपरेशन झाल्यापासून मनगट लोंबतंय, घड कापताना हाताचा जोर लागत नाही. जळगावच्या दिवाणी कोर्टात भरपाईचा दावा आहे. दोन्हीकडचा पुरावा होऊन युक्तिवादाची तारीख लागली, तर डॉक्टरांच्या वकिलांनी अर्ज दिला: वादीला शुगर आहे, नस त्यामुळेच गेली, सरकारी मेडिकल कॉलेजात तपासणी करावी. गावातले म्हणतात, सुया टोचून घेऊ नको. नाही गेलो तर?

उत्तर: भाऊ, अर्जाला विरोध जरूर करा, पण कोर्टाने हुकूम केलाच तर तपासणीला जा. कोणी तुम्हाला उचलून नेणार नाही, हे खरं. पण शारदा विरुद्ध धर्मपाल (2003) या घटस्फोटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की, सबळ कारण असेल तर दिवाणी न्यायालय पक्षकाराच्या वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकतं. त्याने नकार दिला तर त्याचा अर्थ त्याच्याविरुद्ध काढता येतो. हात तुमचा, दावा तुमचा, आणि हात दाखवायला तुम्हीच नाही म्हणालात, तर समोरच्या वकिलाला आयतंच मिळेल.

आधी लेखी म्हणणं द्या. पुरावा बंद झाल्याची पुरसीस (तसं कोर्टाला लेखी कळवणं) दिल्यावर हे आठवलं कसं? शुगर दवाखान्यात दाखल करतानाच तपासली असणार, मग उलटतपासणीत एक प्रश्न तरी विचारला का? वेलुसामी विरुद्ध पलानीसामी (2011) निकालानुसार कोर्टाला उशिराचा पुरावा घेता येतो, पण जपून. खटला लांबवण्यासाठी किंवा राहिलेली भोकं बुजवण्यासाठी नाही.

तरीही अर्ज मंजूर होऊ शकतो. म्हणून त्याच म्हणण्यात अटी मागून ठेवा. तपासणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26 नियम 10-अ खाली कोर्ट कमिशनरमार्फत, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञामार्फत व्हावी, तिचा खर्च अर्ज करणाऱ्याने कोर्टात भरावा, अहवाल थेट कोर्टात यावा आणि अहवाल देणाऱ्या डॉक्टरांना प्रश्न विचारायची परवानगी मिळावी.

नेमकं काय तपासायचं, हे मोघम राहू देऊ नका. एचबीए1सी ही रक्ततपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची साखर सांगते. चार वर्षांपूर्वीचं तिला काही ठाऊक नसतं. नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही आणि ईएमजी (सुई असते ती यातच, बारीक), फक्त उजव्या हाताची नको, दोन्ही हातांची आणि दोन्ही पायांची मागा. शुगरने नसा जातात तेव्हा सहसा सुरुवात दोन्ही पावलांपासून होते. बाकी सगळं ठीक आणि एकाच हाताची एकच नस गेलेली दिसली, तर त्यांचाच अर्ज तुमच्या कामी येईल.

पण खरा धोका मला दुसरीकडे दिसतो. दंडाचं हाड मोडतं तेव्हाच त्याला चिकटून जाणारी रेडियल नस (मनगट उचलायला लागते ती) दुखावू शकते. शुगरचा मुद्दा पडला की समोरचे हेच म्हणतील, आणि नस कोणत्या दिवशी गेली हे आजची तपासणी सांगू शकत नाही. ते सांगणारा कागद तुम्हीच पाठवलाय: दाखल करतानाच्या केसपेपरवर मनगट आणि बोटं हलत असल्याची नोंद आहे, आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच्या पानावर मनगट उचलत नसल्याची. माझ्या मते तुमचा दावा या दोन पानांवर उभा आहे. त्यांच्यावर निशाणी (पुराव्यात घेतलेल्या कागदाला कोर्ट देतं तो क्रमांक) पडली आहे का, हे वकिलांना आजच विचारा. नुसती यादीसोबत दाखल असतील आणि शाबीत झालेली नसतील, तर त्यांच्या अर्जावर म्हणणं देतानाच तुमचाही अर्ज द्या की ही पानं पुराव्यात घ्यावीत आणि ती लिहिणाऱ्याला साक्षीला बोलवावं. उशिराचं कारण तुम्हालाही द्यावं लागेल, थोडा खर्चही बसेल. अटींशिवाय तपासणीचा हुकूम झाला, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 227 खाली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जाता येतं. मात्र तपासणीची तारीख उलटायच्या आत.