साथीच्या भीतीने कामावर न गेल्यास: कंत्राटी कामगाराचे हक्क आणि त्यांच्या मर्यादा

प्रश्न: मी गोव्यातील कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत पॅकिंगचे काम करते. आमच्या विभागात फ्लूची साथ पसरली आहे. हॉल वातानुकूलित व बंद असतो, आणि ताप असलेल्यांना ‘बिनपगारी राहा, नाहीतर कामावर या’ असे सांगितले जाते. मास्कचे पैसेही पगारातून कापले. सासूबाईंना दमा आहे, म्हणून सुपरवायझरला तोंडी सांगून मी चार दिवस घरी राहिले. पाचव्या दिवशी मलाच ताप आला आणि इएसआय (कर्मचारी राज्य विमा) दवाखान्यातून दाखला घेतला. आता कारखान्याच्या एचआर विभागाने सात दिवसांत उत्तर द्या म्हणून कारणे दाखवा नोटीस दिली आहे. आम्ही पंधरा जणी मिळून साथ ओसरेपर्यंत घरी राहण्याचा विचार करत आहोत. नोकरी जाईल का?

उत्तर: आपल्या गैरहजेरीचे दोन भाग आहेत आणि नोटिशीच्या उत्तरात ते कधीही एकत्र करू नका. तापाचे दिवस दाखल्याने सिद्ध होतात आणि त्या दिवसांना गैरवर्तन ठरवणे व्यवस्थापनाला अवघड जाईल. खरी अडचण आधीच्या चार दिवसांची आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून कारखाने कायदा 1948 ची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 ने घेतली आहे. कोविडच्या काळात आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली निघालेले अंतर, तापमान तपासणी आणि शिफ्टमधील अंतराचे आदेश आज लागू नाहीत. तेव्हा उत्तरात त्यांचा आधार घेऊ नये, कारण समोरचा वकील पहिल्याच वाक्यात तो खोडून काढील. मात्र साथीचे आदेश संपले म्हणून मालकाचे कायमचे कर्तव्य संपत नाही. कामाची जागा शक्य तितकी सुरक्षित आणि आरोग्याला धोका नसलेली ठेवणे हे संहितेच्या कलम 6 प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे, आणि कलम 23 मध्ये वायुवीजन व गर्दी टाळण्याइतकी जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जुन्या कायद्याच्या कलम 16 मध्ये प्रत्येक कामगारामागे 14.2 घनमीटर जागेचे माप होते आणि जमिनीपासून 4.2 मीटरपेक्षा वरची पोकळी त्यात धरायची नसे. आपल्या हॉलची लांबी, रुंदी आणि एका शिफ्टमधील माणसे मोजून हे गणित तक्रारीत मांडले, तर ‘हॉलमध्ये फार गर्दी असते’ या वाक्यापेक्षा ते कितीतरी अधिक बोलते.

धोका वाटला तर काय करायचे, हे याच संहितेचे कलम 14 सांगते. आरोग्याला तातडीचा धोका आहे अशी वाजवी भीती वाटल्यास कामगाराने ती मालकाला थेट किंवा सुरक्षा समितीमार्फत कळवायची आणि त्याच वेळी निरीक्षक तथा सुविधादात्यालाही (कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला) कळवायची. मालकाला ते पटले तर त्याने ताबडतोब उपाय करून अहवाल पाठवला पाहिजे. पटले नाही तरी प्रकरण लगेच निरीक्षकाकडे पाठवणे त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि धोका आहे की नाही याबद्दल निरीक्षकाचा निर्णय अंतिम असतो. या कलमात धोका कळवण्याचा हक्क आहे, पण न कळवता निघून जाण्याचा हक्क नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1981 च्या 155 क्रमांकाच्या करारात गंभीर व तातडीच्या धोक्यातून बाजूला होणाऱ्या कामगाराला अनुचित परिणामांपासून संरक्षण दिलेले आहे. आपल्या संहितेत तसे थेट शब्द नाहीत. ही उणीव मला मनापासून खटकते, विशेषतः आपल्यासारख्या कंत्राटी स्त्रियांच्या बाबतीत, ज्यांच्या घरी आजारी माणूस असतो आणि ज्यांना हातची रोजी सोडता येत नाही. तरीही उणीव आहे हे जाणूनच पाऊल टाकायला हवे.

त्यामुळे पंधरा जणींनी एकत्र घरी राहण्याचा विचार कृपया सोडून द्या. वेतन संहितेच्या कलम 20 नुसार दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, सूचना न देता आणि वाजवी कारणाशिवाय गैरहजर राहिले, तर करारात तशी अट असल्यास आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापता येते. आणि औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकत्र घेतलेली आकस्मिक रजादेखील संप मानली जाते, ज्यासाठी आगाऊ नोटीस लागते. त्याऐवजी त्याच पंधरा जणींनी सही केलेला एक अर्ज सुरक्षा संहितेच्या कलम 14 खाली द्यावा. त्याची एक प्रत कंत्राटदाराला, एक कारखान्याच्या व्यवस्थापनाला आणि एक पणजीत आल्तिनो येथील कारखाने व बाष्पके (बॉयलर) निरीक्षणालयाला द्यावी, आणि पोचपावती घ्यावी. खिडक्या उघडणे किंवा बाहेरची हवा खेळवणारी व्यवस्था, जेवणाच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वेळी, कंपनीच्या बसमधील माणसे कमी करणे आणि आजारी असणाऱ्याला परत न बोलावणे, अशा ठोस मागण्या त्यात असाव्यात. चतुर्थी जवळ आलेली असताना उत्पादनाचा दबाव वाढतो, म्हणून अर्ज लांबणीवर टाकू नका. आजारी सहकाऱ्यांची नावे मात्र व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नका. आजार ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे.

मास्कचे पैसे कापणे मला बेकायदेशीर वाटते. सुरक्षा व आरोग्यासाठी केलेल्या कोणत्याही गोष्टीचा आकार कर्मचाऱ्याकडून घेऊ नये असे सुरक्षा संहितेचे कलम 6 सांगते, आणि वेतन संहितेच्या कलम 18 मधील परवानगी असलेल्या कपातींत ही बाब बसत नाही. चार दिवसांच्या गैरहजेरीचे प्रमाणशीर वेतन ते कापू शकतात, त्याहून अधिक नाही. वेतनाचा दावा 3 वर्षांत करता येतो.

तापाच्या दिवसांसाठी आपला इएसआय विमा चालू असल्यास आणि संबंधित सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असल्यास वेतनाच्या 70 टक्के दराने, वर्षात 91 दिवसांपर्यंत आजारपणाचा लाभ मिळतो. पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत. हा ताप कामाच्या जागी झालेला आजार आहे म्हणून भरपाई मागणे मात्र पॅकिंगच्या कामात कठीण आहे, कारण कायद्यातील व्यावसायिक आजारांच्या यादीत संसर्गजन्य आजारांची नोंद संसर्गाचा विशेष धोका असलेल्या व्यवसायांपुरती आहे.

नोटीस कोणी दिली, हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. कागदोपत्री आपला मालक कंत्राटदार असताना शिस्तीची नोटीस कारखान्याने दिली, हा आपल्यावर प्रत्यक्ष नियंत्रण कोणाचे आहे याचा एक पुरावा आहे. तेवढ्याने खटला जिंकता येत नसला तरी मूळ नोटीस जपून ठेवा आणि उत्तराची प्रत कंत्राटदारालाही पाठवा.

उत्तर मुदतीच्या आत, दोन पानांपेक्षा मोठे नसलेले, तारखांसह द्या. सुपरवायझरला कोणत्या दिवशी, कोणासमोर सांगितले, सासूबाईंचे वैद्यकीय कागद, विभागातील आजाराची सर्वसाधारण परिस्थिती आणि दाखल्याची प्रत एवढे पुरे. ‘मी चुकले, माफ करा’ असे लिहून सही करू नका. ‘आरोग्याच्या वाजवी भीतीने आणि पूर्वसूचना देऊन’ असे लिहा. चौकशी झाली तर आपले म्हणणे मांडण्याची आणि साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची संधी लेखी मागा. कामावरून काढलेच, तर पणजीत पाटो येथील श्रमशक्ती भवनातील कामगार आयुक्तांकडे समेटासाठी अर्ज करता येतो. समेट 45 दिवसांत न झाल्यास, तसा अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येते; समेटाचा अर्ज मात्र काढल्यापासून 2 वर्षांच्या आतच करावा लागतो. वकिलाच्या शुल्काची चिंता करू नका: स्त्री म्हणून आणि औद्योगिक कामगार म्हणूनही, विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 खाली, उत्पन्न कितीही असले तरी आपण मोफत कायदेशीर मदतीस पात्र आहात. उत्तराचा मसुदा पाठवण्यापूर्वी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला दाखवून घ्या.