आयडलिंगला झिणझिणणारा डॅशबोर्ड: आधी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा

तुम्ही विचारलंय, स्पोर्ट्स कार न्यूट्रलमध्ये उभी असताना डॅशबोर्डच्या आतून आवाज येतो, सीट आणि आतला आरसा थरथरतो, जराशी रेस दिली की सगळं गप्प होतं. तर डॅशबोर्ड उघडावा, की स्पोर्ट्स कार म्हटल्यावर एवढं चालायचंच?

उघडू नका. आणि ‘चालायचंच’ असं ज्यानं सांगितलं त्याला गाडीबद्दल पुन्हा काही विचारू नका. हेच वाक्य मला माझ्या एका मित्रानं ऐकवलं होतं. त्यापायी मी पाच रविवार, पाय सीटच्या पाठीवर आणि डोकं पेडलपाशी, अशा अवस्थेत काढलेत.

माझी गाडी दोन दारांची, चार सिलिंडरची, माझ्याकडे आली तेव्हा दहा वर्षं वापरलेली. इंजिनची माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांच्यावर बसतं ते आधार, थकली होती. मित्राचं म्हणणं, रबराची कशाला घालतोस, कडक पॉलीयुरेथेनची घाल, गिअर कसे खटाखट पडतील बघ. पडले खटाखट, नाही म्हणत नाही. पण दोन आठवड्यांत झिणझिण सुरू झाली. उभ्या गाडीत, बरोबर ८०० आरपीएमला, म्हणजे इंजिनचे मिनिटाला ८०० फेरे असताना. ९०० ला नेली की बंद. मित्राला आणून दाखवली. त्यानं कान दिल्यासारखं केलं आणि ते वाक्य म्हणाला.

मग घातला मीच हात. ग्लोव्हबॉक्स काढला, मीटरची चौकट काढली, एसीच्या जाळ्या काढल्या, प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जिथे म्हणून लागतं तिथे फेल्टची पट्टी चिकटवली. दर रविवारी संध्याकाळी वाटायचं, सापडलं. सोमवारी गाडी सुरू केली की झिणझिण हजर. वर उन्हानं कडक झालेल्या तीन क्लिपा मोडल्या, त्यामुळे आधी कधीच नसलेली खडखड खड्ड्यांवर ऐकू यायला लागली. एक आवाज शोधायला गेलो आणि दोन घेऊन आलो. चार स्क्रू उरले ते अजून डबीत आहेत. कुठले ते कळलेलं नाही, गाडीला त्यांची गरजही दिसत नाही.

सापडलं ते वायपरचं पाणी भरताना. इंजिन चालूच होतं. वाकलो तेव्हा आधाराला म्हणून एसीच्या ॲल्युमिनियमच्या नळीवर हात टेकला आणि केबिनमधला आवाज गेला. हात उचलला, आला. पुन्हा टेकला, गेला. ही नळी पत्र्यातून केबिनमध्ये शिरते, तिथे तिला धरून ठेवणारी क्लिपच नव्हती. माउंटिंग बदलताना काढली असणार आणि परत लावायची राहिली असणार. इंजिन नळीला हलवत होतं, नळी पत्र्यावर हलकेच टकटकत होती, पत्रा तो आवाज डॅशबोर्डच्या सांगाड्यात सोडत होता, आणि मी आत बसून बिचाऱ्या ग्लोव्हबॉक्सला पट्ट्या लावत होतो. गाडीत आवाज करतो एक आणि ऐकवतो दुसराच, हे मला पाच रविवारांनंतर कळलं.

म्हणून आधी गाडीत नुसते बसा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. एसी लावा, बंद करा. आवाज बदलला तर कॉम्प्रेसर, त्याचं ब्रॅकेट, त्याच्या नळ्या. मधूनच घुमायला लागतं आणि मधूनच थांबतं, असं असेल तर रेडिएटरचा पंखा कधी सुरू होतो ते बघा. पात्याचा तुकडा उडालेला पंखा अख्खी गाडी हलवतो. क्लच दाबा. दाबल्यावर आवाज गेला तर तो गिअरबॉक्सकडचा. हलकं फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाची जड चकती) बसवलेल्या गाड्यांत न्यूट्रलला गिअरचे दात असेच कुजबुजतात आणि त्यात बिघाड काही नसतो. उलट क्लच दाबल्यावरच आवाज आला तर रिलीज बेअरिंगवर, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर, संशय घ्या. ड्युअल मास, म्हणजे मध्ये स्प्रिंगा असलेलं दोन चकत्यांचं, फ्लायव्हील झिजलं असेल तर इंजिन बंद करतानाही एकदा खडखडून जातं. स्टिअरिंग एका बाजूला पुरतं वळवून धरा. पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक असेल तर इंजिनवर भार येतो आणि माउंटिंगमधलं दुखणं वर येतं.

आवाजाला नीट नावही द्या. आपल्या भाषेत त्याला शब्दांची वाण नाही, तरी लोक गॅरेजमध्ये जाऊन ‘आवाज येतोय’ एवढंच सांगतात. झिणझिण म्हणजे पातळ पत्रा किंवा नळी. कोरडी टरटर बहुतेक वेळा सायलेन्सरवरच्या हीट शिल्डची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या पत्र्याची, तिचा बोल्ट गंजून गेलेला असतो. मोठी होज क्लिप आवळली की काम झालं. खुळखुळ म्हणजे पोकळीत काहीतरी सुटं पडलंय: चष्म्याच्या खणात, नाहीतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) फुटलेली जाळी. गाडी थंड असताना कन्व्हर्टरवर हातोडीच्या रबरी तोंडानं हलकेच थापटी मारा, कळेल. कानात दडा बसल्यासारखं घुमत असेल तर सायलेन्सर कुठेतरी बॉडीला टेकलाय किंवा त्याचं लटकणीचं रबर तुटलंय. आणि हे सगळं करण्याआधी सीटबेल्टचं बक्कल प्लॅस्टिकवर वाजत नाही ना, ते बघा. हसू नका.

‘रेस दिली की गप्प होतं’ यानं मात्र हुरळून जाऊ नका. चार सिलिंडरचं इंजिन क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, एका फेऱ्यात दोनदा पेटतं. ८०० आरपीएमला सेकंदाला साधारण २७ धक्के. सहा सिलिंडरला ४०, आठला ५३. गाडीतल्या प्रत्येक तुकड्याची थरथरण्याची आपली एक लय असते. ती धक्क्यांच्या लयीशी, किंवा तिच्या दुप्पट-तिप्पट लयीशी जुळली की तो तुकडा गायला लागतो. रेस दिली की लय पुढे सरकते, तुकडा मात्र सैलच राहतो. फोनवर कंपनं मोजणारं ॲप मिळतं. चार सिलिंडरच्या गाडीत ८०० ला २७ च्या आसपास शिखर दिसलं तर ते इंजिनचं नेहमीचं पेटणं. ७ च्या जवळ, म्हणजे एकट्या सिलिंडरच्या लयीवर, दिसलं तर एखादा सिलिंडर नीट पेटत नसण्याची दाट शक्यता. मग डॅशबोर्ड विसरा आणि प्लग, कॉइल, हवेची गळती बघा.

आता कडक माउंटिंगचा मुद्दा, कारण तिथेच माझं आणि मित्राचं वाजलं होतं. माउंटिंगवर बसलेलं इंजिन स्वतःच्या एका लयीत डोलतं. धक्क्यांची लय त्या लयीच्या १.४ पटीच्या वर असेल तरच माउंटिंग धक्के गाळतं; त्याखाली ते उलट वाढवून बॉडीला देतं. २७ धक्के गाळायचे तर इंजिनाची डोलायची लय १९ च्या खाली हवी. माउंटिंग कडक केलं की ती लय वर सरकते. हे मी कागदावर मांडून दाखवलं, तर म्हणाला, १९६७ च्या लोटस ४९ या फॉर्म्युला वन रेसिंग गाडीत कॉसवर्थ कंपनीचं इंजिन सरळ बोल्टनं जोडलं होतं, इंजिन हाच गाडीचा मागचा सांगाडा होता, तिथे कुठे होतं रबर? बरोबर आहे. त्या गाडीला ग्लोव्हबॉक्सही नव्हता. आणि पोर्शेनं ९११ जीटी३ साठी चुंबकानं घट्ट-पातळ होणाऱ्या द्रवाची माउंटिंग काढली, ती कशासाठी? वळणावर कडक हवं आणि एरवी मऊ, म्हणूनच ना? यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

पण त्यानं एक पेच टाकलाच. मी रबराची माउंटिंग परत घातली त्याच दिवशी क्लिपही लावली होती. ‘दोन्ही एकदम बदललंस, आता कशानं गेलं ते कशावरून ठरवतोस?’ एका वेळी एकच गोष्ट बदला, हे वर तुम्हाला सांगितलं ते मी स्वतः केलं नव्हतं. म्हणून गेल्या महिन्यात रबराची माउंटिंग तशीच ठेवून क्लिप मुद्दाम काढली. एसी बंद असताना शांत. एसी लावला तर अगदी बारीक झिणझिण, माहीत असणाऱ्यालाच ऐकू येईल अशी. म्हणजे दोष निम्मा क्लिपचा. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. इंजिन चालू ठेवून तपासणार असाल तर बंद गॅरेजमध्ये नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बोनेट उघडं असताना सैल बाह्या आणि गळ्यातलं काही बेल्टजवळ नेऊ नका. पंखा न सांगता सुरू होतो. माझ्यासारखा हातही टेकू नका, एसीची एक नळी चांगलीच भाजते. लांब लाकडी दांड्यानं दाबून बघा. डॅशबोर्ड उघडायचीच वेळ आली तर आत एअरबॅग आहे, बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबा. आणि इंजिनच्या तळातून ठक-ठक येत असेल तर या उत्तराचा उपयोग नाही, गाडी बंद करा.

सीटचं आणि आरशाचं राहिलंच. तेवढी थरथर सैल क्लिपची नसते. टायमिंग बेल्ट नुकताच बदलला असेल आणि इंजिनला बॅलन्स शाफ्ट, म्हणजे थरथर मारणारे जादा दांडे, असतील, तर आधी त्यांच्या खुणा जुळल्यात का ते तपासून घ्या. हे शाफ्ट क्रँकच्या दुप्पट वेगानं फिरतात आणि एक दात चुकला तरी थरथर मारण्याऐवजी वाढवतात. तसं नसेल तर इंजिनच्या सम्पखाली (तळाच्या ऑइलच्या पात्राखाली) जाड फळी, तिच्याखाली जॅक, आणि माउंटिंगवरचा भार किंचित हलका होईल एवढाच उचला. गाडीखाली मात्र जाऊ नका. आरसा स्थिर झाला तर माउंटिंग गेली. नवी घालाल ती रबराची घाला.